कागद आणि पाणी

बाबांनी १९८४ साली डोंबिवली पूर्वेला घर घेतलं. त्याचा करार पाच रुपयांच्या मुद्रांक कागदावर टाइप केलेला आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर विरलाय, पण शेवटच्या पानावरचा दुय्यम निबंधकांचा शिक्का अजून स्पष्ट वाचता येतो. त्या काळी आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांनी नोंदणीचा फेरा टाळला होता. बाबांनी रजा टाकून तो केला आणि पावतीसकट सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं. ते गेले त्याच वर्षी, ऐन आषाढात, आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली राहणाऱ्या काकूंच्या छताला ओल धरली. एकाच महिन्यात माझ्यासमोर दोन गोष्टी आल्या. पेटीतले कागद आणि छतातून झिरपणारं पाणी.

पुढची दोन वर्षं मी या दोन्हींच्या मागे होते. निबंधक कार्यालयातल्या बाकांवर बसले, तलाठ्याकडे गेले, गवंड्यांबरोबर गच्चीवर उन्हात उभी राहिले. त्याच काळात भाची आणि तिचा नवरा घर शोधत होते, तेव्हा त्यांच्याबरोबरही हिंडले. घर बघायला गेलो की आपण हवा, उजेड, स्टेशनचं अंतर, स्वयंपाकघराचा ओटा बघतो. ते बघायलाच हवं. पण माझ्या डोळ्यांदेखत लोकांची घरं अडकली किंवा खचली ती कागदापायी किंवा पाण्यापायी. म्हणून या लेखात मी या दोन गोष्टींबद्दलच सविस्तर लिहिणार आहे.

पेटीपासून सुरुवात करते. सोसायटीच्या नोंदीत बाबांनी आईला नॉमिनी केलं होतं. आम्ही सगळे समजत होतो की आता घर आईचं झालं. सेक्रेटरींनीही तसंच सांगितलं. वकिलांनी समजावलं ते वेगळं होतं. नॉमिनी म्हणजे सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार ठेवायचा तो माणूस. मालकी वारसांचीच. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे आई, भाऊ आणि मी असे तिघं वारस. भाऊ न्यू जर्सीला असतो. तो गणपतीत आला, तेव्हा आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं आणि ते नोंदवलं. तो दहा दिवसांसाठीच आला होता आणि त्यातला एक पूर्ण दिवस निबंधक कार्यालयात गेला. आज तो दिवस मला फार मोलाचा वाटतो. ज्या घरांत हे वेळेवर होत नाही, तिथे पुढच्या पिढीत वारस तीनाचे नऊ होतात, नवांतला एखादा कुठे आहे तेच कळत नाही आणि चांगलं राहतं घर दहा-दहा वर्षं कुलपात सडतं. कोकणातल्या गावागावांत अशी घरं आहेत. कौलं सरकलेली, जोत्यावर रान माजलेलं, आणि सातबाऱ्यावर पंचवीस नावं. आईवडील हयात असताना मृत्युपत्राचा विषय काढणं जड जातं, हे मलाही ठाऊक आहे. तरी तो काढावा. जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना, शांतपणे.

पेटीत एक कागद नव्हता आणि तो आमच्याच नव्हे, इमारतीतल्या कुणाच्याच पेटीत नव्हता. तो म्हणजे कन्व्हेअन्स. आपण फ्लॅट विकत घेतो तेव्हा भिंतींमधली जागा आपली होते, पण इमारतीखालची जमीन बिल्डरने सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याखालच्या नियमांनुसार सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत हे व्हायला हवं. आमच्या सोसायटीला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. सातबारा काढला तर अजून मूळ जमीनमालकाचं नाव, खाली त्याच्या वारसांची. बिल्डरचं कार्यालय केव्हाच बंद झालेलं. इमारत आता पुनर्विकासाला आली आहे, पण ज्या जमिनीवर ती उभी आहे तीच आमच्या नावावर नसेल तर कुठल्या हक्काने करार करणार?

यावर उपाय आहे आणि तो वापरणं सोसायटीच्याच हातात आहे. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्स, आलं. बिल्डर येवो न येवो, सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येक घराची सूची क्रमांक दोन म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ती, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशे, वास्तुविशारदाचा दाखला, बिल्डरला दिलेली नोटीस असं सगळं जोडायचं. समोरच्यांना नोटीस निघते, सुनावणी होते, आदेश होतो. मग मुद्रांक, नोंदणी, आणि शेवटी सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव. हा शेवटचा फेरफार पुष्कळ सोसायट्या विसरतात आणि आदेश नुसता फायलीत राहतो.

आमच्याकडे काम अडलं ते घरोघरचे करार गोळा करताना. कुणाचा करार हरवलेला, कुणी नोंदवलेलाच नाही, कुणी घर तिसऱ्याला विकून गेलेलं. १० डिसेंबर १९८५ नंतर करारावरच घराच्या किमतीप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झालं. त्यानंतरच्या काही करारांवर शुल्क कमी भरलेलं निघालं, ते दंडासह भरावं लागलं. एकेका घराच्या पायऱ्या चढून आम्ही कागद मागितले. बाबांच्या पेटीतला करार सगळ्यांत आधी जोडला गेला, हे लिहिताना आजही ऊर भरून येतो.

भाचीने पहिला प्रश्न विचारला होता, “मावशी, जुनं घेऊ की नवं?” मी तिला सांगितलं, आधी पैशाची बेरीज करू. साठ लाखांचं घर धरलं. या रकमेच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख स्वतःचे. डोंबिवलीत मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ते ३० हजारांच्या वर जात नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. इथे ती ६० हजार होते. भाचीने घर स्वतःच्या नावावर घ्यायचं ठरवलं आणि कर्जाला दोघांनी सही करायची. मला हा निर्णय पैशापलीकडेही फार आवडला. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर वर पाच टक्के जीएसटी, ३ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घराला किंवा जुन्या घराला तो लागत नाही. मग दलाली, वकील, सामान हलवणं, आणि जुनं घर असेल तर लगेच निघणारी दुरुस्ती. म्हणजे १२ लाख हाताशी आहेत म्हणून साठ लाखांचं घर घ्यायला निघालेल्या माणसाला खरे १८ ते २० लाख लागतात. ही बेरीज टोकन देण्याआधी कागदावर मांडायची.

आणि कर्जाची. ४८ लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४१,६५० रुपयांच्या आसपास बसतो. वीस वर्षांत फेड होते जवळपास एक कोटीची. भाचीच्या नवऱ्याने हा आकडा दोनदा करून पाहिला. दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे आपल्याला कळतही नाही. वर्षातून एकदा कर्जाचा उतारा मागवून उरलेले महिने मोजावेत. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, म्हणून बोनस आला की थोडी मुद्दल उतरवत जावी. आणि कर्ज फिटलं की मूळ कागद परत घेतल्याशिवाय राहू नये. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की फेड पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची.

नव्या घरांच्या जाहिराती आम्ही पंधरा-वीस तरी पाहिल्या. एका ठिकाणी ९०० चौरस फूट सांगितलं, कार्पेट विचारला तर ६२०. वरचे २८० फूट जिना, लिफ्ट, लॉबी यांच्या वाट्याचे. रेरा कायद्याने विक्री कार्पेटवरच करायला लावली आहे. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट सोडून. तोच आकडा करारात हवा आणि दर त्यावरच काढून बघावा. मगच दोन घरांची तुलना होते. नोंदवलेला करार होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. ताब्याला उशीर झाला तर व्याज मिळतं. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. ही शेवटची तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते. नव्या इमारतीत तिसऱ्या पावसाळ्यात भिंत ओली झाली की लोक स्वतःच रंगारी बोलावतात. आधी लेखी तक्रार करावी.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून बसावं. जमीन कुणाची, बोजा किती, खटले कोणते, मजले किती मंजूर आणि पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, हे सगळं तिथे असतं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मात्र तेवढ्यावर थांबू नये, हे आमच्याच शहराने दाखवून दिलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्या घरांत राहणाऱ्यांनी कर्जं काढली होती, मुद्रांक भरला होता, नोंदणी केली होती. मुलं जवळच्या शाळांत घातली होती. त्यांच्याकडे सगळे कागद होते. खोटा होता तो एकच, तळाचा. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो पडताळायचा. अर्धा दिवस लागतो. भाचीने तो घालवला.

भोगवटा प्रमाणपत्राबद्दलही तेच. “ओसी येईलच, सगळ्यांनी ताबा घेतलाय,” असं वाक्य आम्ही तीन ठिकाणी ऐकलं. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातल्या रहिवाशांनी ऐंशीच्या दशकात परवानगीपेक्षा जास्त मजले चढवलेल्या इमारतींत घरं घेतली आणि पंचवीसेक वर्षं कर भरत, सण करत तिथे राहिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले अनधिकृतच ठरवले. इतकी वर्षं राहिलो म्हणून घर कायदेशीर होत नाही.

जुनं घर घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. आधीच्या प्रत्येक विक्रीचा मूळ करार मागावा, एकाची झेरॉक्स दाखवली तर मूळ कुठे ते विचारावं. बहुतेक वेळा ते बँकेत असतं, पण विचारावं. साठेखत आणि खरेदीखत यांत फरक आहे, आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराला मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितलं आहे. गाळ्याखालची किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही, हेही २०१० सालचं ठरलेलं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा. विकणारा परदेशात राहणारा असेल तर हिशेब पूर्ण वेगळा आणि कपात बरीच जास्त. आता निम्म्या घरांतली मुलं बाहेर आहेत, त्यामुळे हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं.

सोसायटीचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि वार्षिक सभेचं इतिवृत्त मागून वाचावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते. घर घेणं म्हणजे शेजार घेणं आणि शेजाराचा स्वभाव त्या वहीत उतरलेला असतो. टँकरवर किती खर्च झाला, सिंकिंग फंडात काही आहे का, थकबाकीदार किती, मागचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. महापालिका हद्दीत हस्तांतराचं प्रीमियम म्हणून सोसायटीला २५ हजारांहून जास्त मागता येत नाही. ‘देणगी’च्या नावाने लाखभर मागितले तर ते देऊ नयेत. रावबहादुर तालमकींनी १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली, तेव्हापासून या शहरांतला मध्यमवर्ग एकमेकांच्या आधारानेच घरवाला झाला आहे. त्या व्यवस्थेत नव्या माणसाचं स्वागत पावतीशिवायच्या पैशांनी होऊ नये.

भाचीने शेवटी कल्याणला पंधरा वर्षांचं जुनं घर घेतलं. ते तिने पितृपक्षात पाहिलं. पितृपक्षात कुणी घराचं बोलत नाही, एजंट मोकळे असतात, आणि तीन महिने पाऊस पिऊन भिंती खरं काय ते दाखवत असतात. दसऱ्याला तीच भिंत ताज्या रंगाखाली झाकली जाते. बघितलं पितृपक्षात, व्यवहार केला नवरात्रात, त्यामुळे कुणाचं मनही दुखावलं नाही.

*

आई आता माझ्याकडे राहते. डोंबिवलीचं घर रिकामं ठेवायचं नाही असं तिनेच ठरवलं. बंद घर लवकर म्हातारं होतं, हे तिचं शब्दशः म्हणणं.

भाड्याने देताना पहिला सल्ला मिळाला तो हा : “अकरा महिन्यांचा करार करा, नोटरी पुरते, नोंदणी लागत नाही.” हा सल्ला महाराष्ट्रात चुकीचा आहे. इथे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि खर्च किती? आम्ही दोन वर्षांचा करार केला. महिना २० हजार, अनामत एक लाख. दोन वर्षांचं भाडं ४ लाख ८० हजार. अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून दोन वर्षांचे २० हजार. बेरीज पाच लाख, तिच्यावर पाव टक्का म्हणजे १,२५० रुपये मुद्रांक. नोंदणीचे हजार. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन सगळं घरबसल्या होतं. एवढ्यासाठी लोक घर धोक्यात घालतात, हे मला कधीच समजलं नाही.

नोंदवलेल्या करारात भाडेकरूचंही हित आहे, हे मालकांनी लक्षात घ्यावं. अनामत किती दिली, कधी परत, रंगाचे पैसे कापायचे की नाही, पंखा बंद पडला तर कोण बघणार, महिन्याची सूचना दोघांनाही लागू आहे का, हे सगळं लिहिलं की दोन वर्षं शांततेत जातात. ताबा देताना प्रत्येक खोलीचे, नळांचे, मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवावेत. मुदत संपून ठरलेल्या दिवशी घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं देण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यामुळे करारात भीतिदायक वाक्यं घालायची गरज नाही. पोलिसांना माहिती द्यायची, सोसायटीला कराराची प्रत द्यायची. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क लावता येतं, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. आणि घरात आपलेच आईवडील, मुलं, भावंडं राहत असतील तर तेही नाही.

पाहायला आलेल्यांत एक मुलगी होती, रुग्णालयात परिचारिका. रात्रपाळी असते म्हणून तिला दोन ठिकाणी नकार मिळाला होता. आमच्या इमारतीतूनही फोन आला : “एकटी मुलगी, नको.” दुसऱ्या एका कुटुंबाचं आडनाव ऐकून एजंटने त्यांना वर आणलंच नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलेली शरम अजून गेलेली नाही. घर कुणाला द्यायचं हे मालक ठरवतो. मालकाने ते माणूस पाहून ठरवावं, त्याच्या आडनावावरून, ताटातल्या मासळीवरून किंवा लग्न झालंय की नाही यावरून नव्हे. आईने घर त्या परिचारिकेला आणि तिच्या धाकट्या बहिणीला दिलं. पण द्यायच्या आधी न्हाणीघर दुरुस्त व्हायचं होतं.

*

ओल दिसली की पहिलं काम रंगाचा डबा आणणं नाही. पहिलं काम पाणी कुठून येतंय ते शोधणं. यात आम्ही एक पूर्ण पावसाळा आणि बरेच पैसे घालवले. आधी आलेल्या ठेकेदाराने काकूंच्या छताला आतून ओलप्रतिबंधक रंग लावला. चार महिने बरं दिसलं. मग रंगाचे फुगे आले, पोपडे पडले आणि कडेला पांढरा लोणा फुलला. पाणी वरून येत असताना खालून तोंड बंद केलं तर ते स्लॅबमध्येच साठतं. तिथे लोखंडी सळ्या असतात. सळई गंजली की फुगते आणि तिच्यावरचं काँक्रीट फोडते. छतातून ढलप्या पडून गंजकी सळई उघडी दिसते ती यामुळे. आपण ज्याला डाग म्हणतो ती अनेकदा इमारत आतून खचण्याची सुरुवात असते.

नंतर एक वयस्क मिस्त्री मिळाले. त्यांनी हत्यार बाहेर काढलं नाही. आधी प्रश्न विचारले. “ओल बारा महिने असते की पावसातच? सकाळी जास्त असते का? वरचे गावाला गेले की सुकते?” यातच निम्मा निकाल लागतो. फक्त पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर दोष भिंतीच्या भेगांत, खिडकीच्या कडेत, नाहीतर गच्चीत. बारा महिने सारखीच असेल तर पाण्याची नळी. सगळे नळ बंद करून मीटर फिरतोय का ते बघायचं. आंघोळीच्या वेळेनंतर वाढत असेल तर न्हाणीघराची जमीन किंवा मोरीची जाळी. आमची सकाळी नऊनंतर वाढायची. मिस्त्रींनी बादलीभर पाण्यात रंग कालवून न्हाणीघराच्या जमिनीवर ओतला आणि जाळीवाटे जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छताला फिकट गुलाबी झाक आली. दोष होता जमिनीत बसवलेल्या त्या भांड्याभोवती, ज्याला देशभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीवरून आलेला हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

काम त्यांनी असं केलं. फरशी आणि खालचा भराव थेट खोलगट स्लॅबपर्यंत उकरला. वरवर फरशी बदलून काही होत नाही, यावर ते ठाम होते. जुना ट्रॅप काढून नवा बसवला, त्याच्याभोवतीची पोकळी न आकसणाऱ्या मसाल्याने भरली. भिंत आणि जमीन मिळतात तिथला काटकोन गोलाकार भरून घेतला, त्याला वाटा म्हणतात. पाणी नेहमी कोपऱ्यातून वाट शोधतं. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा, भिंतीवरही फूटभर चढवून. ते सुकल्यावर पाणी भरून ठेवलं. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, दोरी लावून जाळीकडे उतार, पुन्हा पाणी भरून पाहणं, आणि सगळ्यांत शेवटी फरशी. मजुरी आणि सामान धरून आधीच्या ठेकेदाराच्या तिप्पट खर्च आला. त्यातला पैसा मला जड वाटला नाही.

गच्चीचंही तंत्र हेच आहे, फक्त मोठ्या मापाने. उतार, वाटा, कोबा, वर चायना मोझॅक, आणि पावसाच्या नळांची तोंडं साफ. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ यांतून होणारी गळती दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. वरच्या मजल्यावरच्या एकट्या माणसाला त्यासाठी सोडून देऊ नये. काम उन्हाळ्यात, वैशाखाच्या आत उरकावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलावलेला गवंडी पत्र्यावर प्लास्टिक टाकण्यापलीकडे काही करू शकत नाही.

घर सुधारताना एक गोष्ट मात्र कुठल्याही कारणासाठी करू नये. खांब, तुळई आणि स्लॅब यांना हात लावू नये. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर अंतर्गत बदलांचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. हॉल मोठा हवा म्हणून भिंत पाडण्याआधी ती नुसती विटांची आहे की आत काही आहे, हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावं. फॉल्स सीलिंगही ओल्या छताखाली लावू नये, त्याने गळती फक्त दिसेनाशी होते.

आमच्या न्हाणीघरात मिस्त्रींनी शेवटचं पाणी भरलं ते एका सोमवारी. जाळीत कापडाचा बोळा कोंबला, चार बोटं पाणी घातलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. “ताई, तीन दिवस कुणी आत पाऊल ठेवायचं नाही.” दोन्ही बहिणींचं सामान बाहेरच्या खोलीत येऊन पडलं होतं. त्या तीन दिवस मैत्रिणीकडे राहिल्या. मंगळवारी मी दोनदा जाऊन रेघ बघितली. बुधवारी पाणी केसभर खाली होतं. मिस्त्री म्हणाले, उन्हाने एवढं जाणारच.

गुरुवारी सकाळी आम्ही खाली काकूंकडे गेलो. मिस्त्री स्टुलावर चढले, छतावर पंजा टेकवला, मग थापीच्या मुठीने ठिकठिकाणी वाजवून पाहिलं. कोरडा, भरीव आवाज आला. “आता महिनाभर सुकू द्या, मग रंग काढा,” असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकू काही बोलल्या नाहीत. दीड वर्ष त्या जागेखाली ठेवलेली पितळी परात त्यांनी उचलली. तिच्या तळाला ठिबकून ठिबकून चुन्याचं पांढरं वर्तुळ धरलं होतं. त्यांनी ती मोरीत नेली, चिंच घेतली आणि घासायला बसल्या.